बिल्डबाबांचं काळं फडकं

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली टायरचं दुकान, वर दोन खोल्यांचं ऑफिस आणि मधल्या पायऱ्यांवर माणसंच माणसं. प्रत्येकाच्या कवेत एकेक लॅपटॉप. तापानं फणफणलेलं पोर दवाखान्यात आणावं तसा कुणी तो शालीत गुंडाळलेला, कुणी छातीशी घट्ट धरलेला. शेजारच्या इमारतीतला बिलांचं सॉफ्टवेअर विकणारा होता, कोपऱ्यावरच्या क्लासचे सर होते, कॉलेजची पोरं होती. एक आजोबाही होते. त्यांचा नुसता प्रिंटर अडकला होता, पण रांग दिसली की लागायचं, या जुन्या सवयीनं तेही लागले होते.

वर खोलीत बिल्डबाबा बसले होते.

प्रोग्रॅम नुसता लिहून भागत नाही. मशीनला पचेल असा तो कंपायलर आणि लिंकर नावाच्या अवजारांनी बांधून काढावा लागतो. त्याला ही मंडळी बिल्ड म्हणतात. ते फसलं की पडद्यावर लाल अक्षरांचा पूर येतो आणि भल्याभल्यांची बोबडी वळते. बाबा त्या पुरावर उतारा द्यायचे. आधी डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "बाळा, कंपायलर हा देह आणि लिंकर हा आत्मा. तुझा आत्मा भटकतोय." मग सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावायचे. जुने फोटोग्राफर घ्यायचे तसं एक काळं फडकं स्वतःच्या डोक्यावरून मशीनवर ओढायचे आणि आत काहीतरी पुटपुटायचे. फडकं बाजूला झालं की लाल अक्षरं गायब आणि प्रोग्रॅम पडद्यावर थुईथुई नाचतोय.

एखाद्याच्या मशीनवर काहीच उघडलं नाही, तर बाबा त्याच्याकडे कणवेनं बघायचे आणि म्हणायचे, "तुझी वेळ आली नाही रे अजून." तो बिचारा वेळ यायची वाट बघत पुन्हा रांगेच्या शेपटाला लागायचा.

हा सगळा सोहळा मामा कोपऱ्यातल्या स्टुलावरून बघत होता. मामा म्हणजे ऑफिसातला चित्रकार. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, खोड्या मात्र शाळकरी. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आता खेळातली झाडं, ढग, ससे काढायचा. तो कुणाचा सख्खा मामा नव्हता. पण ज्याच्या त्याच्या खुर्चीवर ओला स्पंज ठेवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

बाबा या ऑफिसात आले त्याचं असं झालं. ऑफिसच्या मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या मॅडम, यांनी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंसाठी एक खेळ करायला घेतला होता. ज्या मुलांचा एक डोळा आळशी असतो, त्यांच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची आणि आळशी डोळ्याला खेळातल्या चेंडूमागे पळवायचं. पहिला नमुना बघून डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की चेंडू फारच बारीक आहे आणि फारच सुसाट. मोठा करा, सावकाश करा. ते काम करायला मॅडमनी एक नवी मुलगी घेतली. बारीक चणीची, चपळ, तोंडात सतत शेंगदाणे. मामानं पहिल्याच दिवशी तिचं नाव खारूताई ठेवलं.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या कुणीतरी खेळाच्या लायब्ररीची नवी आवृत्ती आणून ठेवली. लायब्ररी म्हणजे चित्रं हलवायची, आवाज काढायचे, असले तयार तुकडे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेले, सगळ्यांसाठी खुले, फुकट, म्हणजे ओपन सोर्स. नवी लायब्ररी आली आणि बिल्ड मोडलं. मॅडम लाल अक्षरं बघून रडकुंडीला आल्या. तेवढ्यात कुणीतरी बाबांचं नाव सुचवलं. बाबा आधी कॉम्प्युटरच्या दुकानात विक्रेते होते. गिऱ्हाइकाला गुंगवण्याची विद्या त्यांनी तिथंच पैदा केली होती.

बाबांनी फडकं टाकलं, खेळ उघडला, मॅडमनी हात जोडले आणि बाबांची बैठक तिथंच बसली. चमत्कार झाला, मग नमस्काराला काय तोटा? बाबांनी एक पथ्य मात्र सांगितलं. सेटिंगच्या पानाला कुणी बोट लावायचं नाही आणि लाल अक्षरांची खिडकी उघडायची नाही. दृष्ट लागते.

सगळं छान चाललं होतं. फक्त चेंडू मोठा होत नव्हता.

खारूताई कोडमध्ये चेंडू वाढवायची, खेळ उघडायचा, चेंडू वाटाण्याएवढाच. वेग कमी करायची, तरी चेंडू सुसाट. आणि मजा अशी की मामानं सशाला नवे कान काढले की ते लगेच दिसायचे. आवाजाचं काम करणाऱ्यानं नवी घंटा घातली की तीही वाजायची. एकट्या खारूताईचंच काही लागू पडेना.

मॅडमनी बाबांना विचारलं. बाबांनी डोळे मिटले, उघडले, आणि ते शेंगदाण्याच्या पुडीवर स्थिरावले.

"ओपन सोर्स, ओपन सोर्स करता, म्हणजे काय? उघडं दार," बाबा म्हणाले. "उघड्या दारातून चांगलं येतं तसं वाईटही येतं. बाकीच्यांच्या हाताला यश आहे, तुम्हीच बघताय. एका हाताला नाही. ती या खोलीत आली त्याच आठवड्यात मशीन आजारी पडलं. मी नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी खारूताईची खुर्ची बाहेर जिन्याच्या तोंडाशी गेली. मॅडमच्या मशीनजवळून ती गेली तर मॅडम आपसूक पडद्यापुढे हात धरायला लागल्या. तिच्या मशीनवरची सेटिंगं कुलूपबंद झाली. आणि रांगेतल्या लोकांना तर काय, बसल्याजागी विषय मिळाला. हिचा हात लागला की बिल्ड मोडतं, ही बातमी टायरच्या दुकानापर्यंत उतरली आणि तिथून आजूबाजूच्या सगळ्या ऑफिसांत चढली. शुक्रवारी डॉक्टरबाई खेळ बघायला येणार होत्या. त्या गेल्या की हिला निरोप द्यायचा, असं मॅडमनी ठरवून टाकलं. इथली नोकरी गेली असती ते वेगळंच, पण या गल्लीत तिला दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं.

मामा जिन्यात तिच्याशेजारी जाऊन बसला. तिनं पुडी पुढे केली.

"एक सांग," मामा म्हणाला, "माझ्या सशाचे कान दिसतात, मग तुझा चेंडू का दिसत नाही? तुझा हात पांढऱ्या पायाचा आहे काय?"

"मामा, हाताला पाय नसतात," ती वैतागून म्हणाली. मग तिनं समजावलं, की चित्रं आणि आवाज वेगळ्या फाइलींत असतात, खेळ चालू होताना त्या वाचल्या जातात. कोडचं तसं नाही, ते आधी बिल्ड व्हावं लागतं, आणि मगच... इथं तिचं चावणं थांबलं.

मामानं भुवया उडवल्या.

"मामा, बिल्ड होतच नाहीये," ती हळूच म्हणाली. "बाबांनी फक्त लाल खिडकी झाकलीय. सेटिंगमध्ये एक खूण असते. बिल्ड फसलं तर मागचा, आधी कधीतरी नीट झालेला प्रोग्रॅम उघड, अशी. ती केली की झालं. आपण रोज जुनाच खेळ बघतोय, नुसता तुमच्या नव्या सशांसकट. आणि ज्यांच्याकडे जुना प्रोग्रॅमच नाही, त्यांची वेळ आलेली नसते."

ती तडक उठून मॅडमना सांगायला निघाली. मामानं तिच्या ओढणीचं टोक धरून तिला खाली बसवलं. पुराव्याशिवाय बोललीस तर बाबा म्हणतील, बघा, बाधाच बोलतेय. सांगून कुणाला पटत नसतं, दाखवावं लागतं, असं त्याचं म्हणणं. आणि ते दाखवायचं कसं, हे त्याच्या डोक्यात तोवर उकळायलाही लागलं होतं. त्याच्या बायकोचा नुकताच फोनवर आलेला निरोप त्यानं तिला वाचून दाखवला. खारूताई इतकी हसली की ठसका लागून शेंगदाणा नाकात गेला.

शुक्रवारी डॉक्टरबाई आल्या. खोली गच्च, जिना गच्च. मॅडमनी खेळ भिंतीवर मोठा दिसावा म्हणून प्रोजेक्टर लावला होता. तेवढ्यात मामा पुढे झाला, बाबांच्या पायाशी बसला आणि असा काही गहिवरला, की आवाजवाल्यानं त्याला पाणी आणून दिलं. मामाची विनंती एवढीच, की आज मोठ्या माणसांसमोर बाबांनी स्वतः मशीन शुद्ध करावं, म्हणजे त्या मुलीनं जाण्याआधी काही करून ठेवलं असेल तर तेही निघून जाईल.

बाबांना तर मोकळं रानच मिळालं. प्रोजेक्टरची वायर काढली, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे वळवली, फडकं ओढलं. आतून पुटपुट ऐकू आली. फडकं सरलं, वायर लागली, आणि भिंतीवर खेळ सुरू झाला. टाळ्या पडल्या.

"बाबा," मामा हात जोडून म्हणाला, "कोडसुद्धा तपासलंत ना? माझ्या मनात पाप नको."

"ओळ न् ओळ," बाबा म्हणाले. "अक्षर न् अक्षर. अंतर्दृष्टीनं. शुद्ध आहे, पवित्र आहे. असं कोड मी आजवर पाहिलं नाही."

"यावर तर माझाही विश्वास बसतो," मामा म्हणाला आणि त्यानं खेळाच्या कोडची मुख्य फाइल भिंतीवर उघडली.

खेळाचं कोड तिथं नव्हतंच. तिथं ठळक मराठीत एवढाच मजकूर होता:

"येताना दूध आणा. नळवाल्याला फोन केलात का? छत्री ओली तशीच पिशवीत कोंबू नका, वास येतो. आणि तुमचे ते बाबा मिक्सरवर हात ठेवतात का ते विचारा, आपला पुन्हा बंद पडलाय."

 पहिल्यांदा डॉक्टरबाई हसत सुटल्या. त्यांच्या मागून जिना.

"हा माझ्या बायकोचा निरोप, सकाळीच कोडच्या जागी ठेवलेला," मामानं खुलासा केला. "संसारात मी तो ब्रह्मवाक्य मानतो. पण कंपायलर असलं काही मानत नाही. हे बांधून यातून ससा बाहेर येणं शक्य नाही. मग बाबा, मघाशी आपण बघितला तो खेळ कुठून आला?"

बाबांनी सावरायचा प्रयत्न केला. श्रद्धा असली की मशीन भावार्थ ओळखतं, असं काहीतरी ते म्हणाले. मामानं विनयानं विचारलं, की मग भावार्थानं पडद्यावर दुधाची पिशवी का नाही आली? क्लासचे सर इतके हसले की त्यांनी शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर हात आपटला.

मॅडमचा चेहरा मात्र उतरला होता. त्या खारूताईकडे बघून म्हणाल्या, "तू दाखव."

खारूताई मशीनपाशी बसली. तिनं सेटिंगचं पान भिंतीवर उघडलं आणि ती खूण सगळ्यांना वाचून दाखवली. खूण काढली, लाल खिडकी उघडली. आपलं खरं कोड, जे तिनं बाजूला जपून ठेवलं होतं, ते परत जागेवर ठेवलं आणि बिल्ड केलं. भिंत लाल झाली. दोघं-तिघं सवयीनं मागे सरकले.

"घाबरू नका, वाचू या," ती म्हणाली.

लाल अक्षरं म्हणत होती, की अमुक नावाची वस्तू मागितली आहे, पण सापडत नाही. तिनं सेटिंगमधल्या दोन ओळी दाखवल्या. लायब्ररीत काय काय आहे याची माहिती कुठल्या फोल्डरमधून घ्यायची, ते एका ओळीत; प्रत्यक्ष तुकडे कुठून उचलायचे, ते दुसरीत. पहिली ओळ नव्या लायब्ररीकडे बोट दाखवत होती, दुसरी अजून जुन्याकडे. नव्या दुकानाचा भाव विचारून जुन्या दुकानात माल मागायला जायचं, आणि मिळाला नाही की दुकानात भूत आहे म्हणायचं, असला प्रकार. तिनं दुसरी ओळ दुरुस्त केली आणि पुन्हा बिल्ड केलं.

लाल काही आलं नाही. भिंतीवर एक चेंडू आला, टरबुजाएवढा, आणि दुपारी जेवून उठलेल्या माणसासारखा सावकाश घरंगळत निघाला. डॉक्टरबाईंनी तळहातानं आपला एक डोळा झाकला आणि दुसऱ्यानं त्याच्या मागे मागे गेल्या. भिंतीच्या टोकाला पोचून त्या म्हणाल्या, "हे जमलं. हाच द्या मुलांना."

तोवर बाबा फडक्याची घडी घालून दाराशी पोचले होते. पण बाहेर सगळा जिना उभा होता, आणि जो तो आपला लॅपटॉप उघडून तीच खूण शोधत होता. ज्याला ती सापडायची तो बाबांची बाही धरायचा. कॉलेजची पोरं म्हणाली, बाबा, आमची वेळ आली, आता तुमची. बाबा त्यांच्यातून कसेबसे खाली उतरले. फडकं पायऱ्यांवरच राहिलं. टायरवाल्यानं नंतर त्यानं हात पुसले.

खोलीत मॅडम खारूताईला म्हणाल्या, चुकलं माझं, खुर्ची आत आण.

"आणते," ती म्हणाली. "पण मॅडम, मला बाहेर तुम्ही माझ्या कानात सांगून काढलं नव्हतं. सगळ्या जिन्यानं ऐकलं होतं. हेही तिथंच सांगा."

मॅडम बाहेर गेल्या. वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या.  त्यांनी सांगितलं, की या मुलीच्या हातात काही दोष नव्हता. लाल अक्षरं न वाचता मी एका माणसाला दोष दिला, त्याची मला लाज वाटते.  ज्यांनी तिची बातमी सगळीकडे पोचवली होती, ते आपापल्या बुटांकडे बघत होते. मग क्लासच्या सरांनी विचारलं, की आमच्याकडे येऊन पोरांना हे समजावशील का. ती म्हणाली, येईन की.

तर मंडळी, मशीन कुणावर कोपत नाही आणि कुणाला पावतही नाही. जिथं अडलं ती जागा ते तुम्हाला ओरडून सांगत असतं, अगदी लाल शाईनं. ही लायब्ररी लिहिणाऱ्यांनी आपलं सगळं काम चारचौघांत उघडं ठेवलंय, ज्याला शंका येईल त्यानं आत डोकावून बघावं म्हणून. जो माणूस तुम्हाला भिंतीकडे तोंड करायला सांगतो, त्याच्याकडेच तोंड करून बघा. फडक्याखाली काय करतोस, ते विचारा. आणि घरात, ऑफिसात, गल्लीत काही बिघडलं की कुणाच्या तरी हाताला, पायाला, सावलीला दोष द्यायच्या आधी जरा थांबा, आणि समोर काय लिहिलंय ते वाचा. वाचायला कष्ट पडतात, कबूल. पण त्या कष्टांपायी कुणाची खुर्ची जिन्यात जात नाही.