कीर्तनाला आलेल्या दोन गाड्या

निरगुडसरच्या हौशीरामआबांचं पहिलं वर्षश्राद्ध. आबा जन्मभर कीर्तनात महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले. आज त्यांच्या नावानं भरल्या मांडवात कीर्तन व्हावं, एवढीच त्यांच्या बायकोची, कुशाबाईची इच्छा. महाराज आले, पखवाज लागला. मांडवात मात्र चार म्हाताऱ्या आणि रिकाम्या सतरंज्या. टाळकऱ्यांसकट सगळं गाव बाहेर दोन गाड्यांभोवती.

आबांचे थोरले चिरंजीव बाळासाहेब पुण्यात इमारती बांधतात. त्यांनी जर्मनीची जुनी बीटल घेतली. ते कळल्यावर ओतूरच्या धाकट्या अमृतला, कांद्याच्या आडत्याला, अन्न गोड लागेना. त्यानं इटलीची जुनी फियाट पाचशे आणली. आज वडिलांच्या फोटोला एक हार, गाड्यांना दोन-दोन. कीर्तनाला जाताना अहंकार चपलांजवळ ठेवावा म्हणतात. या दोघांनी ठेवला होता बाहेरच, पण चाकं लावून.

बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारात हयात घालवलेला गेणू व्यापारी दोन्ही गाड्या बैलासारख्या पारखत होता.

"बाळासाहेब, तुमचीला वशिंड झ्याक हाय. पर डोळं लई बटबटीत."

"आन माझी?" अमृत पुढे सरकला.

"ही कालवड. दोघं बसली का तिसऱ्यानं मांडीवर."

"गेणूभाऊ, छप्पर उघडतंय हिचं! उभं राहून हार घेता येतो."

"तुला हार घालणार कोण, राव?" बाळासाहेब म्हणाले. "माझ्या गाडीत चौघं पाय पसरून बसत्यात."

"इंजान कुठं हाय पर?"

"मागं," दोघं भाऊ एकदम म्हणाले.

"दोन्हींचं मागंच? आन सामान पुढं? मंग एका दावणीचीच की! भांडताय कशापायी?"

तेवढ्यात महाराजांचा निरोप आला: दुपारी दुसऱ्या गावी कीर्तन आहे; टाळकरी आले तर उभा राहतो, नाहीतर नमस्कार करून निघतो. तो ऐकून कुशाबाई उठली आणि बाहेर आली.

"आई, बरी आलीस," अमृत म्हणाला. "तूच सांग, आबा असते तर कुठल्या गाडीत बसले असते?"

कुशाबाईनं दोन्ही गाड्या नीट पाहिल्या.

"गेल्या पोळ्याला मिरवायला आणल्या व्हत्या ना ह्या? त्याच दिशी तेंच्या छातीत कळ आली. तू म्हणलास, पावसात रंग जाईल. दादा म्हणला, चिखलात खालून घासंल. दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मधी बसवून दवाखान्यात नेलं तेस्नी. तवा जागा नव्हती, आन आता कुठं बसवताय?"

गेणूनं बीटलवरचा हात काढून घेतला. टाळकरी खाली मान घालून मांडवात शिरले. गाव मागोमाग. सतरंज्या पुरेनात.

"आता तुमी दोघंबी," कुशाबाई लेकांना म्हणाली, "टाळ घ्या आन उभं ऱ्हावा तेंच्या जागंवर."

दोघांनाही टाळ वाजवता येत नव्हता. बाळासाहेबांनी जोरात वाजवला, म्हणून अमृतनं त्याहून जोरात. पखवाजवाल्यानं कपाळाला हात लावला. महाराज मोठे दयाळू. त्यांनी चाल धीमी केली. तरी ठेका सापडेना, आणि एकमेकांकडे बघण्याचं दोघं काही सोडीनात.

कुशाबाई पुढ्यात बसली होती. लेकांकडे न बघता, महाराजांवर नजर ठेवून, ती बरोबर ठेक्यात टाळ्या वाजवत राहिली. अभंगाच्या दुसऱ्या चरणापर्यंत सगळा मांडव तिच्या टाळ्यांवर आला होता.