भांडणाचा तास

"आणि ही पद्धत ज्यांनी आम्हाला शिकवली, त्या संघप्रियाताई इथंच बसल्यात. चौथ्या रांगेत. ताई, जरा उभ्या राहता का?"

व्यासपीठावरून संयोगितानं असं म्हणताच दोनशे माना वळल्या. संघप्रिया कांबळे अर्धवट उभ्या राहिल्या, हात जोडले आणि टाळ्या संपायच्या आत खाली बसल्या. मांडीवरची पुस्तिका घसरून पायाशी पडली. ती उचलण्याच्या निमित्तानं जितका वेळ वाकून राहता येईल तितका वेळ त्या वाकून राहिल्या.

२००३ सालचा जून होता. शाळांमधून शांतता कशी शिकवावी, याचं शिबिर कोल्हापुरात भरलं होतं आणि शिकवणारी होती त्यांचीच धाकटी सहकारी. बिद्रीकडची, शेतकऱ्याच्या घरातली, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. सात वर्षांपूर्वी ती उचगावच्या शाळेत नवी लागली तेव्हा वर्गात जाताना ती दारातच थबकायची. आता ती माईक हातात घेऊन इकडून तिकडे फिरत होती आणि लोक हसायला हवं तिथं हसत होते.

संघप्रियाबाईंनी हे सगळं सुरू केलं होतं त्र्याण्णव साली. कंपासपेटीवरून एकमेकांचे शर्ट फाडणाऱ्या दोन पोरांना त्यांनी समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, "आता तू त्याच्या तोंडानं बोल. तू म्हणजे तो. काय झालं ते सांग." अर्ध्या तासात दोघंही रडत होते. तेव्हापासून शनिवारचा शेवटचा तास भांडणाचा तास झाला. दहा वर्षांत किती भांडणं मिटली, याची त्यांनी कुठं नोंद ठेवली नाही. तो विचारच कधी मनात आला नाही.

संयोगितानं मात्र ते लिहून काढलं. पायऱ्या पाडल्या, चित्रं घातली, पुस्तिका झाली.

संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी ती चष्मा लावून पहिल्या पानापासून तपासली. दुसऱ्या पानावर त्यांचं नाव होतं. 'श्रीमती संघप्रिया कांबळे यांच्या मार्गदर्शनामुळेच.' ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर. निदान नाव चुकलं असतं, तर रागवायला जागा तरी मिळाली असती.

"चांगलं लिवलंय की पोरीनं," त्यांचे पती प्रसेनजीत म्हणाले. ते वीज मंडळात लाइनमन होते. जेवायच्या आधी सगळं वाचून झालं होतं त्यांचं. "तुझं नाव बी घातलंय."

"घातलंय ना. मग आता त्याची फ्रेम करून लावू भिंतीवर?"

नवऱ्यानं चमकून बघितलं आणि ताट ओढून घेतलं.

शाळेत मुख्याध्यापक गणपतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला संयोगिताची ओळख करून देऊ लागले. पोरं मधल्या सुट्टीत तिच्याभोवती जमायची. बाईंना तिच्या इस्त्रीच्या साड्या खुपू लागल्या, तिचं खळखळून हसणं खुपू लागलं, आणि सगळ्यात जास्त खुपायचं ते तिचं येता-जाता 'ताई, हे बरोबर आहे ना?' असं विचारणं. ती खरंच विचारायची. त्यात नाटक नव्हतं. बाईंना ते कळत होतं, आणि कळल्यामुळं आणखीच जळायला होत होतं.

ऑगस्टमध्ये आठवीतल्या वनितानं शिवानीला जिन्यावरून ढकललं. दोघी पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या. शिवानीचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील, बाळासो, ऑफिसात येऊन गरजले, "माज्या पोरीचा हात मोडलाय, गुरुजी. त्या पोरीला साळंतनं काढा, न्हायतर मी पोलिसात जातो."

वनिताची आई चिमणाबाई दाराबाहेर उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं.

"संयोगिताबाई," गणपतराव म्हणाले, "जिल्ह्याला शिकवलंत, आता हे आपल्या घरचं मिटवा." त्यांची नजर संघप्रियाबाईंच्या अंगावरून सरळ पलीकडं गेली.

संयोगितानं व्हरांड्यात ताईंना गाठलं. "ताई, वनिता तुमच्याशी बोलते. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

ठाऊक होतं. आठवड्यापूर्वीच वनितानं फळा पुसता पुसता त्यांना सांगितलं होतं, की आईनं शिवानीच्या घरी धुणंभांडी धरलीत. वर्गात कुणाला ठाऊक नाही. "आन् शिवानी सारखी म्हणती, सगळ्यांस्नी सांगीन. बाई, तुमी कुणाला सांगू नका हां."

ते गुपित उघडं करायची गरजच नव्हती. 'पोरींना चौघांसमोर बसवू नकोस, एकट्या घे,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते बाईंच्या ओठांवर आलंही होतं.

"तू आता सगळ्यांना शिकवतेस," त्या म्हणाल्या. "मी काय सांगणार तुला?"

संयोगिताचा चेहरा उतरला. ती निघून गेली.

ऑफिसात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या गेल्या. कडेला गणपतराव, बाळासो, दोन-तीन शिक्षक. खिडकीच्या गजांना आठवीची पोरं लटकलेली. त्यांना कुणी हटकलं नाही. संघप्रियाबाई कपाटापाशी उभ्या होत्या.

"शिवानी, आता तू वनिता आहेस. बोल, काय झालं?"

प्लास्टरमधला हात छातीशी धरून शिवानी खुर्चीच्या कडेला टेकली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी वनिता. माझी आई शिवानीच्या घरी भांडी घासती. शिवानी म्हणली, वर्गात सगळ्यांना सांगीन. म्हणून मी ढकललं." आणि ती हमसून रडायला लागली. "माझंच चुकलं, बाई."

तिला खरोखर कळलं होतं. बाळासोंनीही मान खाली घातली आणि पुटपुटले, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. आमची काय तक्रार न्हाय."

वनितानं आधी खिडकीकडं बघितलं, मग दारातल्या आईकडं. उठली आणि आईला ओलांडून निघून गेली. दप्तर वर्गातच राहिलं.

ती पुन्हा शाळेत आली नाही.

"माझं कुठं चुकलं, ताई?" संयोगिता चौथ्या दिवशी रिकाम्या वर्गात डोळे पुसत विचारत होती. आणि संघप्रियाबाईंना आत कुठंतरी गार वाटलं. उन्हातून आल्यावर पाणी प्यावं तसं. मग ते वाटणं त्यांनी ओळखलं. त्या बाकावर बसल्या.

"तुझं चुकलं नाही. मला ठाऊक होतं."

"काय?"

"सगळं. वनितानंच सांगितलं होतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

"मग बोलला का नाही?"

"मला तुझा मत्सर वाटत होता."

"माझा? मी काय केलंय तुमचं?"

"काही नाही. केलं असतंस तर भांडले असते."

संयोगितानं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. मग तिनं टेबलावरच्या वह्यांचा गठ्ठा छातीशी धरला. "वनिताला शिक्षा कशाची झाली मग?" एवढंच म्हणाली आणि पुढच्या तासाला गेली. त्या दिवसानंतर तिनं बाईंना काही विचारलं नाही.

संघप्रियाबाई वनिताच्या घरी गेल्या, तिथं चिमणाबाई भेटली. "आजऱ्याला धाडलीया, माज्या भनीकडं. काजूच्या कामाला जाती. हितली साळा नगं म्हणती. मी तर काय करू, बाई?" तिनं बाळासोंच्या घरचं काम सोडलं होतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं संघप्रियाबाई आजऱ्याला गेल्या. शोधत शोधत घर सापडलं. पत्र्याच्या पडवीत वनिताची मावशी धोंडुबाई आणि आणखी दोघी भाजलेल्या काजूबिया लाकडाच्या दांडक्यानं फोडत बसल्या होत्या. वनिताही होती. तिनं बाईंना बघितलं आणि मान आणखी खाली घातली.

"पावणं कुठलं म्हणायचं?"

"उचगावची. शाळेतली बाई."

धोंडुबाईनं भाचीकडं बघितलं. "ती न्हाय बोलायची. आमच्यासंगं बी बोलंना."

"बसू का थोडा वेळ?"

पोतं सरकवलं गेलं. बाईंनी येताना गाडीत पुष्कळ जुळवलं होतं: आजऱ्याच्या शाळेत नाव घालू, मी स्वतः येते, पुस्तकांचं मी बघते. माफीची वाक्यंही जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मग त्यांनी पदर खोचला, कडेला पडलेलं दांडकं घेतलं आणि टोपलीतली बी दगडावर ठेवली. पहिल्या दोन चिरडल्या. तिसरीचा गर आख्खा निघाला.

दुपार झाली. परतीची एक गाडी गेली. बायका भाकरी खाऊन आल्या, बाईंनाही पितळीत भाकरी आणि भाजी आली. कुणी काही विचारलं नाही. टरफलाच्या चिकानं त्यांची बोटं काळी पडली होती आणि नखांच्या कडेनं आग होऊ लागली होती. त्या बी फोडत राहिल्या.

उन्हं पडवीतून सरकल्यावर वनितानं आपल्या गुडघ्याजवळचा खोबरेल तेलाचा डबा उचलला आणि त्यांच्या बाजूला ढकलला. वर न बघता म्हणाली,

"हाताला लावा. न्हायतर कातडं जातंय."