बंदरचौकीची चेकिंगबाई

आई सोमवारी गेली आणि गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन वाजायला लागला.

तोवर तो स्वयंपाकघरातल्या फळीवर, गोळ्यांच्या डब्याशेजारी, गप्प पडून होता. आठ वाजायच्या सुमारास तो एकदा थरथरला, मग पुन्हा, मग एकामागून एक असा की सरकत सरकत फळीच्या कडेला आला. थोरलीने तो पडता पडता धरला. घरात तिला सगळे थोरलीच म्हणत. तिचा धाकटा भाऊ तेव्हा दाराशी बसून आईच्या चपला बाजूला काढत होता, आणि काढलेल्या पुन्हा होत्या तिथे ठेवत होता.

फोनवर ‘चौकीवरची मंडळी’ नावाचा गट उघडला. ‘बंदरचौकी’ ही मालिका दर गुरुवारी सातला लागायची आणि आई ती काही झालं तरी चुकवायची नाही, एवढं थोरलीला ठाऊक होतं. भाग संपला की आई फोन घेऊन खिडकीशी बसते आणि गालातल्या गालात हसते, हेही ठाऊक होतं. कोणाशी बोलतेस म्हणून विचारलं की ती म्हणायची, “आहेत माझी माणसं.” थोरलीने कधी खोदून विचारलं नाही.

ती माणसं आता आईची वाट बघत होती. तीनच जणं होती. गोदामकाका म्हणून एक गृहस्थ, जन्मभर कुठल्याशा गोदामाच्या चाव्या सांभाळून निवृत्त झालेले, त्यांनी लिहिलं होतं की बाईंचा चष्मा हरवला असेल तर आधी डोक्यावर बघा. अक्कलदाढ या नावाने लिहिणारी बाई खरोखरच दातांची डॉक्टर होती. एक पेशंट खुर्चीत तोंड उघडं टाकून बसलाय, निकाल लवकर लावा, असं तिचं म्हणणं. आणि शहरात बस चालवणारी स्टिअरिंग डेपोच्या पायरीवर बसून होती. निकाल लागल्याशिवाय ती घरी जाणार नव्हती.

थोरलीला सांगायचंच होतं. तीन दिवस ती दुसरं काही सांगतच नव्हती. दवाखान्यातल्या कारकुनाला सांगितलं, बँकेत सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, कानाने अधू असलेल्या आतेबहिणीला तीनदा, चढत्या आवाजात सांगितलं. ‘आई गेली’ हे दोन शब्द तोंडात खड्यासारखे झाले होते. आणि ही तीन माणसं अशी, की त्यांच्या लेखी आई अजून होती. चष्मा शोधत होती, एवढंच. थोरलीने आईच्या फोनवर लिहिलं, “बघतेय.”

आणि पाठवून दिलं. मग काय, एक पाऊल पाण्यात पडलं की दुसरं टाकावंच लागतं. मालिकेचा भाग फोनवर पुन्हा बघायची सोय होती. ती आईच्या खुर्चीत बसली आणि तिने तो लावला.

निकाल म्हणजे काय, हे गटावरची आधीची थोडी बोलणी वाचून तिच्या ध्यानात आलं. आईने एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात चेकिंगला काढली होती. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, पाऊण मिनिटात कॉलरपासून घेरापर्यंत नजर फिरवायची, चूक असेल तिथे कागदी बाण चिकटवायचा. ठीक असेल तर ‘पास’, नाहीतर ‘अल्टर’, म्हणजे दुरुस्तीला परत. गटावर चेकिंगबाई या नावाने तिने हेच काम मालिकेचं मांडलं होतं. इन्स्पेक्टरच्या खांद्यावरची पट्टी कुठल्या दृश्यात सुटली, पेला आधी भरलेला आणि मग रिकामा कसा, होडीचा रंग कधी बदलला. बाईंच्या आधी कोणी चूक काढायची नाही, असा तिथला दंडक होता.

थोरली स्वतः छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका काढण्यावरच तिचं पोट होतं. तिने तासाभरात पाच काढल्या, एक ते पाच आकडे घातले आणि यादी पाठवली. शेवटी लिहिलं, “पास.”

गोदामकाकांनी लिहिलं, “वा, बाई. बारीक नजर.” डॉक्टरीणबाईंनी आभार मानले. स्टिअरिंगने काहीच लिहिलं नाही. घरी गेली असेल, असं थोरलीला वाटलं.

पुढच्या गुरुवारी तिने सात चुका काढल्या, त्याच्या पुढच्या गुरुवारी सहा. मधल्या दिवसांत मंडळी काहीबाही लिहीत राहायची आणि थोरली जेवताना, गाडीची वाट बघताना वाचत राहायची. चौथ्या गुरुवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. तो सगळ्यांनी डॉक्टरीणबाईंच्या घरी एकत्र बसून बघायचा असं ठरत होतं. सहा वर्षांत त्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. थोरली ते वाचायची आणि फोन उलटा ठेवायची. गेलो नाही तर ही माणसं काय म्हणतील, आणि गेलो तर काय म्हणतील, याच्यापुढे तिचा विचार जात नव्हता. त्यात धाकट्याने सांगून ठेवलं होतं की महिनाअखेर आईचा नंबर बंद करायचा. वापरात नसलेला नंबर कंपनी आज ना उद्या दुसऱ्या कोणाला देतेच.

तिसऱ्या गुरुवारनंतरच्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, तिने छापखान्यातल्या आपल्या टेबलावर आईचा फोन ठेवला आणि गट अगदी पहिल्या दिवसापासून वाचायला घेतला. खालच्या मजल्यावरचं यंत्र जेवणापुरतं थांबलं होतं. शेजारचा अक्षरजुळारी डबा उघडत म्हणाला, “ताई, सुट्टीत तरी वाचू नका काही.” ती हसली आणि वाचत राहिली.

ही आई तिच्या ओळखीची नव्हती असं म्हणवत नाही, पण एवढी कधी दिसली नव्हती. सहा वर्षांपूर्वीचा एक निकाल असा होता: “इन्स्पेक्टरची आई दार उघडायच्या आधी हात पुसते आणि मग कडीला हात लावते. हे तिला कोणी सांगितलं नसणार, तिचं तिने केलंय. फार छान. आता एकच. दोरखंडाची गाठ आधी उजवीकडे होती, नंतर डावीकडे. पास.” दुसरा असा: “हा नवीन हवालदार दुसरा बोलत असताना खरंच ऐकतो. बाकीचे आपली पाळी कधी येते ते बघतात. त्याला मोठं काम मिळायला पाहिजे. घड्याळ मात्र दोन दृश्यांत दहालाच अडकलंय.” प्रत्येक निकाल असाच होता. आधी जे साधलं ते, नेमकं, बोट ठेवून; आणि मग चूक, एखाददुसरी, जाता जाता सांगितल्यासारखी.

असं का करता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं होतं. आईने लिहिलं होतं: “कामाला लागले तेव्हा मी प्रत्येक शर्टात चूकच शोधायची. दुपारपर्यंत सगळे शर्ट वाकडे दिसायला लागायचे. आमच्यात एक जुनी चेकर होती. ती म्हणाली, आधी जे नीट शिवलंय ते बघ. डोळा चांगल्यावर बसला की चूक आपोआप टोचते. नुसत्या चुका शोधशील तर वर्षभरात डोळाही जाईल आणि माणसंही जातील.”

त्याखाली गोदामकाका होतेच. “हे आमच्या बायकोला शिकवा, बाई. तीस वर्षं झाली, तिचा डोळा माझ्यावर बसायला तयार नाही.”

“चांगलं कुठे आहे ते आधी दाखवा. मग बसेल.”

थोरलीला हसू आलं. तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली. लहानपणी आई तिच्या वह्या तपासायची. तेव्हाच्या चुका तिला एकूण एक आठवत होत्या. चुकांच्या आधी आई काय म्हणायची, ते आठवेना. काहीतरी म्हणत असणारच. तिने आपणच ते ओलांडून पुढे ऐकलं असणार.

मग चार वर्षांपूर्वीची ती ओळ आली. मुलं काय करतात, असं स्टिअरिंगने विचारलं होतं. आईचं उत्तर: “मुलगा वायरिंगचं काम करतो. थोरली छापखान्यात मुद्रितं तपासते. आकडे घालून चुकांची यादी करते, किराण्याची यादीसुद्धा आकडे घालूनच. माझ्यापेक्षा तिचं काम कठीण. शर्टाला दोन बाह्या असतात हे तरी नक्की असतं. पानाचं काय सांगावं?”

थोरलीने फोन टेबलावर ठेवला. एक ते पाच. एक ते सात. एक ते सहा. तिने पुन्हा फोन उचलला आणि गेल्या तीन आठवड्यांतलं सगळं बोलणं वरून खाली वाचलं, मुद्रित वाचावं तसं, अक्षर न् अक्षर. एकदाही गोदामकाकांनी बाईंना चिमटा काढला नव्हता. एकदाही डॉक्टरीणबाईंनी घाई केली नव्हती. सगळे तिच्याशी फार गोड, फार हळू बोलत होते, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसे. आणि घरी जमायचं ठरवताना, बाई तुम्ही येणार ना, असं कोणी म्हणजे कोणीही विचारलं नव्हतं.

पहिल्याच यादीला त्यांनी ओळखलं होतं. आई गेली हेही, आणि फोन कोणाच्या हातात आहे हेही.

तिला आधी लाज वाटली. मग त्या लाजेखालून दुसरंच काही वर आलं. तीन अनोळखी माणसं, एकाही शब्दाने न विचारता, तीन आठवडे तिचं खोटं हलक्या हाताने धरून उभी होती, पडू देत नव्हती. असं काही तिने पुस्तकांतही फारसं वाचलं नव्हतं.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने लिहायला घेतलं. मजकूर लांबला. तिने तो तपासला, दोन वाक्यं काढली, परिच्छेद पाडले, मग सगळंच पुसलं. उरलं ते पाठवलं: “मी थोरली. आई गेली, पहिल्या यादीच्या आधीच्या सोमवारी. मी तुम्हाला फसवलं. माफ करा.”

मग डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, “आकडे बघितले तेव्हाच मी गोदामकाकांना फोन केला. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल, आपण विचारायचं नाही, असं आमचं ठरलं.”

“फसवलं कसलं, ताई,” गोदामकाकांनी लिहिलं. “माल कुठून आला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. उतरवून घेतला, इतकंच.”

स्टिअरिंगचं उत्तर शेवटी आलं. “ताई, खरं सांगू? मला राग आला होता. हे दोघं म्हणाले गप्प बस, म्हणून बसले. बाई माझ्या कोण होत्या ते तुम्हाला माहीत नाही. मी बस शिकत होते आणि मला ड्रायव्हर म्हणून घेत नव्हते, तेव्हा रोज संध्याकाळी त्यांचा मेसेज असायचा, की आज काय चांगलं चालवलंस ते सांग. चूक नको सांगूस, ती तुझे साहेब सांगतील. तीन आठवडे मला त्यांच्यासाठी रडायचं होतं. पण बाई तर इथे बोलत होत्या. कशी रडणार?”

थोरलीने ते दोनदा वाचलं. याचा तिने विचारच केला नव्हता. आई जाऊ नये म्हणून तिने दार लावून धरलं होतं, आणि बाहेर कोणी निरोप द्यायला ताटकळत उभं होतं. तिने लिहिलं, “तुमचं बरोबर आहे. मला सुचलं नाही.” याहून जास्त काही लिहिणं तिला खोटं वाटलं असतं.

“झालं आता,” स्टिअरिंगने लिहिलं. “तुमचा नंबर द्या.”

गोदामकाकांनी तिच्या नंबराने तिला गटावर घेतलं. आता टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी होते आणि गटावर माणसं पाच दिसत होती. काकांनी लिहिलं की बाईंना आम्ही काढणार नाही, ते आमच्या हातून व्हायचं नाही. तुम्ही बघा, ताई. थोरलीने धाकट्याला हाक मारली. तो ओले हात पुसत आला. तिने काय करायचंय ते सांगितलं. तो म्हणाला, “राहू दे ना दोन दिवस.” ती म्हणाली की दोन दिवस दोन दिवस करत तीन आठवडे झाले, आणि उद्या हा नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला तर भलताच माणूस आईच्या जागेवर येऊन बसेल. मग तो तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

तिने आईच्या फोनवर गट सोडला. तिच्या स्वतःच्या फोनवर बारीक, फिकट अक्षरांत ओळ उमटली: चेकिंगबाई बाहेर पडल्या.

खिडकीतून शेजारच्या घरातली भांडी ऐकू येत होती. तीन माणसं तीन ठिकाणी ती ओळ बघत बसली असतील, हे थोरलीला कळत होतं.

नंतर तिने लिहिलं की गुरुवारी ती आईच्या जागी येईल, कोणाची हरकत नसेल तर. फक्त निकाल तिच्याकडे मागू नये. शेवटच्या भागाचा निकाल कोण देणार, असंही तिने विचारलं.

“कोणी नाही,” गोदामकाकांनी लिहिलं. “तो भाग आपला तसाच जाऊ द्या.”

डॉक्टरीणबाईंनी पत्ता पाठवला, आणि जिना चढा आहे, सावकाश या, असं बजावलं. गोदामकाकांनी लगेच टोमणा मारला की जिना चढून दमलेल्या माणसाचे दात हिला आयतेच तपासायला मिळतात. तिने उत्तर दिलं की काकांचे तपासायला आता उरलेत किती. धाकटा खांद्यावरून वाचत होता. तो तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला.

मग स्टिअरिंगने विचारलं, “ताई, बाईंना शेवटी फार त्रास झाला का? सांगवत नसेल तर नका सांगू.”

गेल्या तीन आठवड्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना दोन शब्द पुरले होते. थोरलीने फोन जवळ घेतला, धाकट्याला बस म्हणाली, आणि त्या सोमवारची सकाळ पहिल्यापासून सांगायला लागली.