मंगळाच्या नवसाची भाकर

आमची माय बयनाबाई नवस बोलण्यात पटाईत. शेजाऱ्याची म्हैस अडली तरी हिचा नवस! पण हणमंत्यासाठी बोलली तो ऐकून म्या कपाळच बडवलं. हणमंत्या म्हणजे माहा लहाना भाऊ, हैदराबादेत सायंटिस्ट. मंगळावरच्या हवेत कोणकोणते गॅस हायेत ते हुंगणारं यंत्र बनवत होता. परदेशी यानात बसून जाणार होतं ते. माय म्हणे, "लेकाचं यंत्र मंगळावर पोचल्याबिगर मी ज्वारीची भाकर खाणार नाई."

ज्वारीच्या मुलखात, आमच्या बेला गावात राहून भाकर नाई, सांगा! नुस्त्या भातावर वर्सं काढली बाईनं, पार वाळून गेली.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हणमंत्या अचानक घरी आला. संगं पेटीत यंत्राचा लहानसा नमुना. मले बाजूला घेऊन म्हणे, "अक्का, यानच रद्द झालं. आता मायले कोणत्या तोंडानं सांगू?" अन् ढसाढसा रडला. मलेबी रडू आलं, पण म्हटलं, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राह्यते का? आजच सांग."

नाई सांगितलं भित्र्यानं.

दुसऱ्या दिवशी आमी अंगणातलं पेव उघडलं, जमिनीत ज्वारी साठवायचा खड्डा. आत उतरायच्या आधी कंदील सोडून पाहतात. विझला तर हवा वाईट. कंदील विझला. हणमंत्या पाहतच राह्यला. मंग धावत जाऊन त्यानं पेटी आणली अन् यंत्राची नळी पेवात सोडली. काटा सर्रकन चढला.

"माय!" तो ओरडला. "मंगळावर जास्ती करून हाच गॅस हाये, कार्बन डायऑक्साइड! माह्या यंत्रानं हुंगला! फिटला तुहा नवस, खाय भाकर!"

मायनं त्याच्या तोंडाकडे पाह्यलं अन् सूप आणायले घरात गेली.

पेवातली हवा गेल्यावर ज्वारी काढली, दळली, म्या भाकरी थापल्या. मायनं हणमंत्याले आपल्या ताटाजवळ बसवलं.

"यंत्र मंगळावर नाई गेलं ना रे?"

त्यानं मान खाली घातली. "नाई गेलं, माय. आता जाणारबी नाई."

"मंग असं सांग ना, येड्या! आल्यापासून तुले घास गिळवत नाई, मले दिसत नाई का?"

तिनं भाकर मोडली. पह्यला घास त्याच्या तोंडात कोंबला अन् वर पाहून देवालेच दटावलं, "माह्या लेकानं यंत्र बनवलं. न्यायचं काम तुमचं होतं. नवस तुमी मोडला, म्या नाई."

अन् दुसरा घास तिनं सोताच्या तोंडात टाकला.