शिवलेली कपाटं

सोमवारी सकाळी टेलरबाईंनी घरातली सगळी कपाटं शिवून टाकली.

कुलपं लावता आली असती. पण कुलपाचं काय, किल्ली फिरवली की उघडतं आणि परत फिरवली की काही झालंच नाही असा चेहरा करून बसतं. टाका तसा निर्लज्ज नसतो. म्हणून त्यांनी प्रत्येक कपाटाच्या दोन कड्यांमधून जाड पट्टी ओवली, लाल दोऱ्याने तिच्यावर सात टाके घातले आणि शेवटी आपली ती खास गाठ मारली. तीस वर्षांत ती गाठ दुसऱ्या कुणाला जमली नव्हती. शिलाई मशीनला खोळ घालून तिचीही कडा शिवली. मग घरात उरलं काय, तर बाहेरची खोली, एक शेगडी, एक पातेलं, दोन वाट्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन सॅक. सॅकही त्यांनीच शिवलेल्या, प्रत्येकीला एकोणीस कप्पे.

बेत मोठा होता. दीड महिन्याने टेलरबाई आणि त्यांचे यजमान पृथ्वीप्रदक्षिणेला निघणार होते. चांगले अकरा महिने. बोटीने, आगगाडीने, बसने, आणि काहीच मिळालं नाही तर पायी. यजमान म्हणजे लिफ्टवाले. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून नुकतेच निवृत्त झालेले. निरोपाच्या दिवशी दोन शब्द बोला म्हटल्यावर ते म्हणाले होते, "आयुष्यभर नुसता वर गेलो आणि खाली आलो. आता जरा आडवा जाऊन बघतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेलरबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. कारण हाच माणूस मेव्हणीकडे चार दिवस राहायला म्हणून गेला होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच दारात हजर. का, तर तिथली उशी ऐकत नाही.

"अकरा महिने उशा ऐकतील का तुमचं?" टेलरबाईंनी विचारलं.

"ऐकतील की."

"मग आधी घरात ऐकवून दाखवा."

अशी ही तालीम ठरली. आठ दिवस आपल्याच घरात प्रवासी म्हणून राहायचं. सॅकमध्ये असेल तेवढ्यावर भागवायचं. कुणी एक टाका जरी उसवला तरी प्रवास रद्द. प्रवास कंपनीने पुढच्या मंगळवारपर्यंत जागा धरून ठेवल्या होत्या. हो की नाही ते तेव्हा कळवायचं होतं. नियम सगळे टेलरबाईंचे. लिफ्टवाल्यांनी फक्त मान डोलावली, आणि ती जरा जास्तच जोरात डोलावली, हे टेलरबाईंच्या लक्षात राहिलं.

सरहद्दीवर बसायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. वय ब्याऐंशी. हे दोघं गेल्यावर त्या दोन मजले खाली लेकीकडे राहणार होत्या आणि तिला आतापासूनच शिस्त लावत होत्या. रोज संध्याकाळी सहाला स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून त्या काठी आडवी धरायच्या. हातात कोटाचं मोठं बटण, मांडीवर शाईचा पॅड.

"नाव?"

"आई, तूच ठेवलंस ना!" लिफ्टवाले म्हणायचे.

"ओळखीचा फायदा घेऊ नकोस. कुठून आलास?"

"स्वयंपाकघरातून."

"निघालास कुठे?"

"बाहेरच्या खोलीत."

"काही लपवलंय? काही उसवलंय?"

"नाही."

की ठप्प! वहीत बटणाचा गोल शिक्का.

आणि काय आश्चर्य, लिफ्टवाले बहरले. सतरंजीवर आडवे झाले की घोरायला लागत. सदऱ्याची गुंडाळी करून डोक्याखाली घेत आणि सकाळी उठून बातमी देत, "ऐकते!" आपले मोजे आपण धुऊन खिडकीत वाळत घालत. सात भाषांमध्ये त्यांनी तीन वाक्यं पाठ केली: नमस्कार, आभारी आहे, आणि संडास कुठे आहे. ही तिन्ही वाक्यं दूध टाकायला येणाऱ्या बाईवर चालवून बघितली. ती बाई दुसऱ्या दिवशी पिशवी दाराला अडकवून पळाली.

बिनसलं ते टेलरबाईंचं. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या उजव्या हाताला चैन पडेना. चहा ढवळताना अंगठा आणि बोटं आपोआप उघडमीट करायची, हवा कापल्यासारखी. सॅकमध्ये एक घडीची कात्री होती, पण ती आपली नखं कापायच्या लायकीची. खरी कात्री मशीनजवळच्या कपाटात होती. वजनदार, काळी, अंगठ्याच्या कड्याला त्यांच्याच अंगठ्याचा आकार आलेली. प्रवासाला निघालेल्या माणसाने धंदा घरी ठेवावा, म्हणून त्यांनी ती मुद्दाम मागे ठेवली होती.

शनिवारी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. लिफ्टवाले सराव म्हणून सॅक पाठीला लावून अकराव्या मजल्यावर निघाले होते. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच जिन्याने.

टेलरबाई कपाटासमोर उभ्या राहिल्या. त्या नखांच्या कात्रीने सात टाके उसवले. मोठी कात्री हातात घेतली, एक जुनं चौकडीचं कापड ओढलं आणि या काठापासून त्या काठापर्यंत सरळ कापत गेल्या. कर्रर्र. खांदे खाली आले. श्वास पोटापर्यंत गेला.

मग कात्री जागेवर ठेवली, पट्टी ओवली, सात टाके, तीच गाठ. आता कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तेच तर वाईट झालं. परीक्षा नवऱ्याची घ्यायला निघालो आणि नापास आपण झालो! अकरा महिने, एवढी गावं, आणि "टेलरबाई, बाही जरा सैल करता का?" असं म्हणणारं एक माणूस नाही. भीती आपलीच होती, आणि आपण ती त्यांच्या उशीत भरून ठेवली होती.

सहा वाजले. लिफ्टवाले शिक्का घेऊन बाहेरच्या खोलीत आले, अजून धापा टाकत, चेहरा लग्नातल्यासारखा.

"काही लपवलंय? काही उसवलंय?" सासूबाईंनी सुनेला विचारलं.

नाही म्हणायला दोन अक्षरं लागतात. टेलरबाईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "हो."

"अगं, काय चेष्टा!" लिफ्टवाले हसले. मग त्यांनी बायकोकडे नीट बघितलं आणि हसू गिळलं. "टाके तर सगळे जागच्या जागी आहेत."

"परत घातले मी."

"ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या पट्ट्यांवर सहा दिवसांची धूळ बसलीय, ही एकच स्वच्छ. मोतीबिंदू काढलाय माझा, डोकं नाही काढलं."

टेलरबाई खाली बसल्या. "नियम माझाच होता. मंगळवारी नाही म्हणून कळवून टाका."

लिफ्टवाल्यांनी कान खाजवला. मग तेही शेजारी बसले.

"नवी लिफ्ट बसवली की पहिल्या दिवशी आम्ही तिच्यात माणसं नाही घालत. वाळूची पोती भरतो. मापापेक्षा जास्त, मुद्दाम. अडकलीच तर कुठे अडकते ते बघायला."

"आणि अडकली तर?"

"तर तिथे तेल घालतो. इमारत पाडत नाही गं! ती कात्री घे सोबत."

"एवढं वजन? आणि विमानात बसावं लागलं तर?"

"सॅक जाईल विमानाच्या पोटात, कात्री जाईल सॅकच्या पोटात." बोलता बोलता त्यांनी आपली सॅक जवळ ओढली आणि सातव्या कप्प्यातून एक लांबलचक पाना काढला. लोखंडी, हाताने घासून गुळगुळीत झालेला. "माझं कुठे अडतंय?"

"अहो! हा काय सदऱ्याच्या गुंडाळीत घेऊन झोपत होतात?"

"सॅकमध्ये असेल ते चालेल, असा नियम कुणी केला?"

टेलरबाई आधी चिडल्या, मग त्यांना हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. सासूबाईंनी काठी आपटली.

"दात मग काढा. सूनबाई, शिक्का मिळणार नाही. आधी विसावा कप्पा शिवायचा, मग रांगेत यायचं."

मशीनची खोळ कर्रकन उसवली गेली. कप्पा जाड कापडाचा, आतून दुहेरी, वर झाकण. टेलरबाईंचे पाय मशीनवर, आणि शेजारी बसून लिफ्टवाले त्यांना सात भाषांतलं चौथं वाक्य शिकवत होते: कपडे दुरुस्त करून मिळतील.

तिसऱ्या भाषेत त्यांची जीभ अडखळली. "परत म्हणा," त्या म्हणाल्या, आणि दोरा दातांनी तोडला. कात्री तोवर कप्प्यात जाऊन बसली होती.