बाबांना कुणी सांगायचं

बाबांच्या रक्तातून 'सी' गेला, त्या दिवशी आमच्या गावात, कफ्र अबू नवारमध्ये, लाल सरबत वाटलं. लग्न ठरल्यावर वाटतात ना, तेच. बदवीकाकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, ते कपडे धुवायच्या बादलीत ढवळलं आणि आईने त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "अहो बदवी, बादली तरी धुतलीत का?" "वहिनी, सी गेला, आता साबणाने काय होणार?" गल्ली खो खो हसली.

सी म्हणजे यकृताला पोखरणारा विषाणू. आमच्याकडे त्याला नुसतं सी म्हणतात, घरातल्या आगाऊ मेहुण्यासारखं. "तुमच्याकडे सी आहे?" "आहे ना, सासऱ्यांना आणि मला." बाबांच्या पिढीतली पोरं कालव्यात डुंबायची, पाण्यातले किडे अंगात शिरायचे, आणि त्यावर शाळेत इंजेक्शनं द्यायचे. अख्ख्या रांगेला एकच सुई. किडे मेले, सी राहिला. पुढे नव्या गोळ्या आल्या आणि बाबांचा रिपोर्ट निगेटिव्ह झाला. बाबा गावातून शहरात मायक्रोबस चालवायचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मागच्या काचेवर आपल्या नावासकट रंगवून घेतलं : 'सी गेला, शहाता राहिला.' मागून येणारे ड्रायव्हर हॉर्न वाजवून सलाम ठोकायचे.

आता खरी गोष्ट. गोळ्या सुरू होण्याआधी बाबांच्या यकृतात एक गाठ सापडली होती. डॉक्टरांनी लांब सुई घालून ती जाळली. ती कॅन्सरची होती. हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. 'तो वाईट आजार' म्हणतात, तेही आवाज खाली आणून, आणि ज्याला झालाय त्याच्यासमोर तर तेवढंसुद्धा नाही. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "नातेवाईक कोण?" मग नातेवाईक आत जातात, ऐकतात, चेहरा पुसतात आणि हसत बाहेर येतात. बदवीकाका तसेच आले. "काही नाही रे दादा, पाण्याची पिशवी होती. फोडली."

आईला माहीत होतं, आजीला माहीत होतं, पाववाल्यालाही माहीत होतं. मायक्रोबसमध्ये बसणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त चालवणाऱ्याला नव्हतं.

डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं की गाठ जळली, सी जाईल, पण यकृत आधीच खडबडीत झालंय. अशा यकृतात नवी गाठ येऊ शकते, सी नसला तरी. म्हणून दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करायचीच. गाठ लहान असताना सापडली तर पुन्हा जाळता येते.

पहिल्यांदा बाबा गेले. सगळं ठीक निघालं. दुसऱ्या वेळी ते जेवता जेवता थांबले.

"कशाला जाऊ? सी गेला ना?"

"गेला हो," आई म्हणाली, "पण बघून घेतलेलं बरं."

"काय बघायचं? रिकामं घर? निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, उम्म शुरूक!" शुरूक म्हणजे मी, आणि उम्म म्हणजे आई.

मग थापांची जत्रा भरली. आई म्हणाली, साखर तपासायचीय. काका म्हणाले, ड्रायव्हरांना लायसन्ससाठी नवा नियम आलाय, पोटाचा फोटो लागतो. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पोटाचा? मी काय पोटाने गाडी चालवतो? बदवी, तू थाप मारतोस तेव्हा तुझे कान हलतात."

आणि यातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं काय, तर बाबा रोज त्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर गाडी थांबवायचे. "हॉस्पिटलवाले उतरा! लवकर बरे व्हा, परतीला माझ्याच गाडीने या!" लोक उतरायचे. बाबा गिअर टाकून पुढे जायचे.

त्या वर्षी मी माध्यमिकला गेले आणि मला शाळेच्या सकाळच्या परिपाठाचा माइक मिळाला. त्याआधी मी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. माइक हातात आला आणि माझा आवाज सापडला; अहाहा, मैदानभर माझाच आवाज! मी सीवर भाषण केलं, तेसुद्धा कागद न बघता. घरी येऊन बाबांना तेच ऐकवलं. "बाबा, सी म्हणजे आग. आग विझली, पण भिंतींना तडे गेलेत. तडे गेलेल्या घराकडे लक्ष ठेवावं लागतं की नाही?"

"वा, डॉक्टरीणबाई!" बाबांनी माझं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक प्रवाशाला माझं भाषण सांगितलं. गेले मात्र नाहीत. कारण मी तडे म्हणाले होते. कॅन्सर म्हणाले नव्हते.

एका संध्याकाळी आई मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत होती, तेव्हा मी तिच्यासमोर उभी राहिले. "आई, सांगून टाकूया."

"तोंड बंद."

"आई, त्यांना माहीतच नाही तर ते जातील कशाला?"

"आपल्या गल्लीतल्या फरहातला सांगितलं होतं त्याच्या मुलाने. आठवतं? भिंतीकडे तोंड करून झोपला तो, पुन्हा वळला नाही. शब्दाने मेला माणूस."

"आजाराने मेला गं."

"तुला माइक मिळाला म्हणजे जग कळलं का? माझ्या गळ्याची शपथ आहे शुरूक. एक शब्द बोललीस तर मला आई म्हणू नकोस."

तिच्या हातून पानांसोबत देठही पातेल्यात पडत होते. आईला बाबा नको झाले होते असं कुणी समजू नका. तिला ते इतके हवे होते की तिने त्यांना हसताना बघण्यासाठी काहीही केलं असतं. तिने तेच केलं.

रमजान आला, बाबा म्हणाले, ईदनंतर जाऊ. ईद झाली, काकांच्या मुलीचं लग्न निघालं. लग्न झालं, गाडीचं इंजिन उघडलं. या सगळ्यात एक गोष्ट मी बघत होते : बाबांचा पट्टा. ते त्याला खिळ्याने नवी नवी भोकं पाडत होते. चेहराही पिवळट. काका म्हणाले, "गोळ्यांनी माणूस सडसडीत होतो." त्यांचे कान हलले.

एका सकाळी मी शाळेसाठी पुढच्या सीटवर बसले. गाडी अजून भरायची होती, मागे फक्त एक म्हातारी कोंबड्यांची टोपली घेऊन बसली होती. बाबांनी उजवा हात बरगडीखाली दाबून धरला होता आणि डाव्याने स्टिअरिंग. मी म्हणाले, "बाबा, ती पाण्याची पिशवी नव्हती. कॅन्सर होता. सी गेला तरी तो परत येऊ शकतो. म्हणून तपासायचं असतं."

बाबांनी आरशात बघितलं. म्हातारी टोपलीत तोंड घालून बसली.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"हिलासुद्धा?" त्यांनी अंगठ्याने मागे दाखवलं.

म्हातारी म्हणाली, "अल्ला बरं करेल, बाळा."

बाबांनी इंजिन बंद केलं. ओरडले नाहीत. मला वाटलं होतं, ओरडतील, मला मारतील, आणि मग मी रडेन आणि सगळं मोकळं होईल. ते एवढंच म्हणाले, "रमजानात सांगितलं असतंस, तर ईदचा नवा सदरा घालून गेलो असतो गं."

मग त्यांनी फोन करून बदवीकाकांना बोलावलं आणि आम्ही तिघं त्याच दिवशी गेलो. तपासण्या झाल्या, मग बाकड्यावर बसून राहिलो. तरुण डॉक्टर बाहेर आले. "नातेवाईक कोण?"

काका सवयीने उठले. बाबांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. "आज मी नातेवाईक. चल शुरूक."

डॉक्टर बिचारे गोंधळले. प्रत्येक वाक्याआधी ते माझ्याकडे बघायचे, सांगू की नको असं. बाबा म्हणाले, "साहेब, तिच्याकडे नका बघू, यकृत माझं आहे." तेव्हा त्यांनी सांगितलं. नव्या गाठी बऱ्याच आहेत. एक यकृताच्या मोठ्या शिरेत शिरलीय. आता जाळता येणार नाही, कापता येणार नाही. गोळ्या आहेत, त्यांनी थोडं लांबवता येईल, तेही पोटाने सोसलं तर.

"मी तीन-तीन महिन्यांनी आलो असतो तर?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण बहुधा लहान असताना दिसली असती."

बाबा म्हणाले, "आभारी आहे." माझ्या बाबांनी आभार मानले!

बाहेर काका भिंतीला डोकं टेकून रडत होते. "दादा, तुझ्यासाठीच रे…"

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "ऊठ, गाडी तू चालव."

मला वाटायचं, खरं बोललं की काहीतरी सुटतं. आमच्याकडे काही सुटलं नाही. बाबा आता कुणाचंच खरं मानत नाहीत. आई सूप घेऊन आली की विचारतात, "यात काय आहे?" ती म्हणते, कोंबडी. ते चमचा हुंगून बघतात. काका म्हणतात, आज रंग बरा दिसतोय. बाबा डोळे मिटतात. फरहातसारखं भिंतीकडे तोंड करून झोपत नाहीत. उलट दाराकडे तोंड करून झोपतात, कोण काय लपवत आत येतंय ते बघायला. शपथ मोडली तरी आईने मला काही म्हटलं नाही. ती मला हाकच मारत नाही. "भाकरी घे" असं भाकरीकडे बघून म्हणते.

बाबांचा विश्वास फक्त माझ्यावर उरलाय. त्यामुळे सगळं मलाच सांगावं लागतं. पोटात पाणी झालंय, हेही मीच सांगितलं. गोळ्यांनी उलट्या थांबेनात म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या, हेही. शाळेच्या माइकवर मी अजून बोलते. बाईंना वाटतं, मी खूप धीट आहे.

काल दुपारी नवा रिपोर्ट घेऊन काका आले आणि माझ्या हातात देऊन अंगणातच थांबले. मी आत गेले. आई दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी तिने सरळ माझ्या डोळ्यात बघितलं. तिची नजर म्हणत होती : फक्त एकदा, शुरूक. एकदाच खोटं बोल.

"वाढलंय?" बाबांनी विचारलं.

"हो."

"बरंच?"

"बरंच, बाबा."

आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला. बाबांनी माझा हात धरला. त्यांची बोटं हळदीत बुडवल्यासारखी झालीत. "जा," ते म्हणाले, "परीक्षा आहे ना तुझी."

परीक्षा होती. मी गेले नाही. पाणी वाहत राहिलं आणि आम्ही दोघं ते ऐकत राहिलो.