उणे एकशे साडेदहा

रंजीता मला डोळ्यांसमोर नको असायची. ती दूर जंगलातल्या एटापल्लीची, मी जवळच्या भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतली. चंद्रपूरच्या आमच्या क्लासात वरच्या बॅचला वीसच जागा, राहणं-जेवण फुकट. चाचणीत मी विसावी आले आणि ती दोन गुणांनी मागे, एकविसावी. माझी जागा हुकली असती तर मी रोज एसटीने घरून ये-जा केली असती. तिला मात्र शिकणं सोडून गावी परतावं लागणार होतं.

निकालाच्या दिवशी ती पेपर घेऊन उभी राहिली. वाद एकाच, दोन गुणांच्या गणिताचा. कार्बन अर्धवट जळून मोनॉक्साइड होताना किती उष्णता निघते? ती सरळ मोजता येत नाही, कारण थोडा कार्बन पूर्ण जळतोच. म्हणून माहीत असलेल्या दोन अभिक्रियांवरून काढायची. एक मोल कार्बन पूर्ण जळताना ३९३.५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणून उणे. मोनॉक्साइड जळताना उणे २८३. आमच्या रसायनशास्त्राच्या खुशाल सरांच्या झेरॉक्स नोट्समध्ये दोन्हींची सरळ बेरीज होती, उणे ६७६.५. आम्ही तीच घोकलेली. रंजीताने उणे ११०.५ लिहिलं होतं.

"सर, दुसरी अभिक्रिया आपण उलटी घेतो, त चिन्ह बी उलटं घ्या लागते."

"तू मले शिकवून राह्यली का?" सर खेकसले. "जंगलातून आली अन् माह्या नोट्स तपासते!"

"पूरा जळल्यावर ३९३ निघते, त अर्धा जळल्यावर ६७६ कुठून निघन, सर?"

सर फळ्याकडे वळले. त्यांचे कान लाल झाले. चूक त्यांना कळली होती, हे मला पहिल्या बाकावरून स्वच्छ दिसलं.

"दीपिका, तू सांग वं. कोनाचं बरोबर?"

पेपरात मीही आधी ११०.५ च काढलं होतं. मग नोट्स आठवल्या, ते खोडलं आणि ६७६.५ लिहिलं. तेवढ्यावरच माझी विसावी जागा उभी होती.

"सरांचंच," मी म्हणाले.

रंजीता माझ्याकडे वळली. "तुले मालूम हाय," एवढंच बोलली आणि पेपर बाकावर टाकून निघून गेली.

सोमवारी वरच्या बॅचच्या पहिल्या तासाला सरांनी नव्या नोट्स वाटल्या. पहिलंच गणित तेच, उत्तर उणे ११०.५. सर त्यावर चकार शब्द बोलले नाहीत, कुणी विचारलंही नाही. सगळ्यांबरोबर मीही ते वहीत उतरवून घेतलं. लाज वाटली मला, खूप वाटली. जागा सोडावी असं मात्र एकदाही मनात आलं नाही.